पाव टनी जीप, सातपुड्याचा घाट आणि मागचा एक्सल



स्मरणिकेत आठवणींचे लेख भरपूर असणार, म्हणून मी माझ्या धंद्यातला विषय निवडला आहे. गाडीचा मागचा एक्सल आणि त्यातला डिफरन्शियल जास्त ताकद व जास्त बोजा पेलण्यासाठी कसकसा मजबूत होत गेला, त्याचा हा थोडक्यात इतिहास. विषय कोरडा वाटेल. पण धडगाव, मोलगी, तोरणमाळकडून शिकायला आलेल्या आपल्या सोबत्यांचा जीव वर्षानुवर्षे याच लोखंडाच्या भरवशावर होता.

आपल्या जिल्ह्याची रचनाच तशी आहे. सुरत-भुसावळ रेल्वे नवापूर आणि नंदुरबारला आली. पण तापीच्या उत्तरेला शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणीत रेल्वे नाही. तिकडे जायचे ते रस्त्याने, आणि सातपुडा चढायचा तो तोरणमाळचा सातपायरी घाट किंवा तळोदा-धडगाव वाटेवरचा चांदसैली घाट धरून. एसटी कमी पडली तिथे जीप आली.

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. ओढायचे काम बैलांचे. मोटारीत मात्र चाकांनाच ताकद द्यायची असते, आणि तरीही वळणावर ती वेगवेगळ्या गतीने फिरली पाहिजेत. हे कोडे फ्रान्समधल्या ओनेझिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने १८२० च्या दशकाच्या अखेरीस, वाफेवरच्या गाडीसाठी, दातेरी चाकांनी सोडवले. आजच्या जीपमधल्या डिफरन्शियलचे तत्त्व तेच आहे.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप १९४१ मध्ये आली. अमेरिकन लष्कराच्या यादीत ती ‘पाव टनी ट्रक’ होती. तिच्या मागच्या एक्सलमध्ये पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दात, म्हणजे ४.८८ पट. पहिला गिअर २.६६५ पट आणि लो गिअर १.९७ पट. तिन्हींचा गुणाकार केला की साडेपंचवीस येतो. इंजिनाचा पीळ साधारण १४२ न्यूटन-मीटर; घाटात लो गिअरमध्ये तोच मागच्या एक्सलपाशी साडेतीन हजारांच्या वर जाऊ शकतो. ताण इंजिनापेक्षा एक्सलवर का जास्त, ते या एका गणितात दिसते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५३ मध्ये अमेरिकेत आलेले सीजे-३बी मॉडेल पुढे भारतात कितीतरी वर्षे बनत राहिले. पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल आले. प्यूजोच्या आराखड्याचे २.१ लिटरचे इंजिन आपल्यापैकी अनेकांनी कानांनीच ओळखले असेल. मग लांब चासीची, समोरासमोर बाकांची कमांडर आली. ती जास्त माणसांसाठीच बांधलेली होती. पण घाटात आत बसलेले, मागे लटकलेले आणि टपावरचे धरून वीस माणसे झाली, तर सरासरी ५० किलोने एक टन होतो. मूळ पाव टनाच्या चौपट.

एक्सल मजबूत करायचा म्हणजे काय? पहिली गोष्ट शाफ्ट. गोल शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनावर वाढते. जाडी १० टक्के वाढवली की ताकद सुमारे ३३ टक्के वाढते. दुसरी, क्राऊन-पिनियन मोठा घेणे. तिसरी, आतले स्पायडर दोनाऐवजी चार, म्हणजे ताण चार ठिकाणी वाटला जातो. चौथी, हौसिंग आणि बेअरिंग. हौसिंग वाकले की चांगले दातही एका कडेला खातात. दातांना खुणेचा रंग लावून ते नेमके कुठे टेकतात ते पाहणे, बॅकलॅश बरोबर ठेवणे आणि हायपॉइड ऑइल वापरणे ही कामे बिनखर्चाची वाटतात, पण त्यांच्याविना महागडा क्राऊनही टिकत नाही. आणि एक जागा मजबूत केली की ताण पुढची कच्ची जागा शोधतो. म्हणून फक्त इंजिन मोठे बसवणे म्हणजे मोडणारा भाग बदलणे एवढेच.

शर्यतीत आणि ऑफरोडला चिखलात एक चाक नुसते फिरू नये म्हणून काहीजण स्पायडर वेल्ड करतात. मैदानात ते चालेल. घाटाच्या वळणावर दोन्ही चाके एकाच गतीने फिरवणारी गाडी सरळ जाऊ पाहते. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्यांची चाके अशीच घसरत, तेव्हा पोर्शे यांनी झेडएफ कंपनीकडून मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल करून घेतला. वळण घेता यावे आणि पकडही राहावी, असा तो मधला मार्ग.

आता सर्वात महत्त्वाचे. युद्धातल्या जीपचा मागचा एक्सल ‘फुल फ्लोटिंग’ होता: चाकाचा हब हौसिंगवर बेअरिंगने बसलेला, शाफ्टचे काम फक्त फिरवायचे. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर. युद्धानंतर नागरी जीपमध्ये ‘सेमी फ्लोटिंग’ एक्सल आला. त्यात वजनही शाफ्टवर येते. बाहेरच्या टोकाला तो तुटला तर चाकच निघून जाते, आणि त्याबरोबर त्या चाकाचा ब्रेकही. नेहमीच्या बोजाला हा आराखडा पुरेसा आहे. चौपट बोजा घेऊन उतार उतरताना तो पुरत नाही. ट्रक आणि एसटीला फुल फ्लोटिंग एक्सल असतो तो यासाठीच.

आपल्या बॅचमध्ये गाडीमालक आहेत, चालक आहेत, ग्रामपंचायतीत बसणारे आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच: एक्सल वाढवण्याआधी माणसे मोजा, ऑइलगळती आणि हबचा खुळखुळाट दिसला की गाडी घाटात घालू नका. आणि संयोजकांना एक विनंती. मेळाव्याच्या वर्गणीतून थोडी रक्कम उरली, तर भंगारातला एक डिफरन्शियल अर्धा कापून, रंगवून शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवू. कापण्याचे काम माझ्याकडे. आठवीतल्या मुलाने हाताने पिनियन फिरवून पाहिला, की टपावर बसण्याआधी तो एकदा खालीही बघेल.