डॉजर स्टेडियम पाहायला जाताना : मैदानाखालच्या तीन वस्त्या

2028 साली लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक आहे आणि त्यात क्रिकेट परत येत आहे. क्रिकेटचे सामने शहराबाहेर पोमोनाला होतील. त्या निमित्ताने आपल्याकडची बरीच मंडळी तिकडे जातील, आणि जाणाऱ्याच्या यादीत डॉजर स्टेडियम असतेच, कारण ऑलिम्पिकचे बेसबॉल तिथे आहे. मेजर लीगच्या आजच्या मैदानांत वयाने ते तिसरे, बॉस्टनच्या फेनवे आणि शिकागोच्या रिग्लीनंतरचे. कसे जायचे, कुठे बसायचे, काय खायचे हे सांगणारी माहितीपत्रके पुष्कळ आहेत. जमीन कुणाची होती, हे सांगणारी कमी.

आधी कामाचे सांगून टाकतो. सामन्याच्या दिवशी युनियन स्टेशनवरून स्टेडियमची बस सुटते आणि तिकीट दाखवले की ती फुकट असते. ती घ्यावी. गाडी नेली तर 16 हजार गाड्यांच्या वाहनतळात आपली शोधत बसावी लागते. स्टेडियम टेकडीच्या उतारात खोदून बसवलेले आहे, त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावर जायला जिने चढावे लागत नाहीत, मागच्या बाजूने सरळ आत शिरता येते. स्वस्त तिकिटे याच वरच्या मजल्याची, आणि माझ्या मते दृश्यही इथूनच चांगले. समोर ताडाची झाडे, त्यामागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर, आणि मैदानाला वेढून पसरलेले डांबरी वाहनतळ. या वाहनतळाकडे जरा वेळ बघा. आपला विषय तिथे आहे.

या जागेचे नाव चावेझ रवीन. इथे पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या. हजाराहून अधिक कुटुंबे, बहुतेक मेक्सिकन वंशाची. स्वतःची शाळा, चर्च, दुकाने, परसात भाजी आणि कोंबड्या. ही माणसे शहराच्या इतक्या जवळ, पण शहरापासून तुटलेल्या या दऱ्यांत का राहत होती? तेव्हाच्या अमेरिकेत घराच्या खरेदीखतातच अट घातलेली असे की हे घर काळ्याला, मेक्सिकनाला किंवा ज्यूला विकायचे नाही. अशा अटी न्यायालयाने राबवू नयेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1948 सालचा. त्याआधी ज्यांना गोऱ्यांच्या मोहल्ल्यात पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांनी जिथे जमीन मिळाली तिथे घर बांधले. मग नगरपालिकेने तिथल्या रस्त्यांकडे आणि गटारांकडे दुर्लक्ष केले, आणि पुढे त्याच दुर्लक्षाचा आधार घेऊन वस्तीला ‘मोडकळीला आलेली’ ठरवले. हा क्रम आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्या चळवळीतही हा इतिहास सांगताना ‘डॉजर्सनी गरिबांना हाकलून मैदान बांधले’ असे एका वाक्यात सांगितले जाते. ते खरे नाही. बहुतेक कुटुंबे गेली तेव्हा डॉजर्स हा संघ ब्रुकलिनमध्ये, तीन हजार मैलांवर खेळत होता.

जुलै 1950 मध्ये रहिवाशांच्या हाती पत्रे पडली. शहराचे गृहनिर्माण प्राधिकरण ही जमीन घेणार, कारण 1949 च्या केंद्रीय कायद्याखाली इथे गरिबांसाठी सरकारी घरे होणार होती. रिचर्ड न्यूट्रासारखा नामवंत वास्तुरचनाकार, तेरा मजल्यांचे 24 मनोरे, 160 हून अधिक दुमजली इमारती. पत्रात आश्वासनही होते की नव्या घरांत पहिला हक्क तुमचा. योजना प्रामाणिक होती. ती राबवणारे प्राधिकरणाचे अधिकारी फ्रँक विल्किन्सन वंशभेदाच्या विरोधात ठाम उभे राहणारे गृहस्थ होते, मिश्र वस्त्यांचे समर्थक. पण तेरा मजल्यांच्या मनोऱ्यात राहायचे आहे का, हे परसात कोंबड्या पाळणाऱ्या बाईला विचारायचे कुणाला सुचले नाही. तिची संमती गृहीत धरली गेली. लोकांनी विरोध केला, सुनावणीत बोलले, हरले. मिळेल ती रक्कम घेऊन एकेक घर रिकामे होत गेले.

मग घरे बांधली का? नाही. जमीनजुमल्याच्या व्यापाऱ्यांना सरकारी घरे नकोच होती, आणि ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ त्यांच्या पाठीशी होता. काळ कम्युनिस्टविरोधी भीतीचा. 1952 मध्ये भूसंपादनाच्या सुनावणीत साक्ष देत असताना विल्किन्सन यांना अचानक विचारण्यात आले, तुम्ही कोणकोणत्या संघटनांचे सदस्य आहात? त्यांनी उत्तर नाकारले आणि नोकरी गेली. पुढे संसदीय समितीपुढेही त्यांनी तोंड उघडले नाही, म्हणून 1961 मध्ये तुरुंगात गेले. 1953 मध्ये नॉरिस पौल्सन सरकारी घरांना विरोध करून महापौर झाले आणि योजना गुंडाळली गेली. शहराने ती जमीन केंद्राकडून स्वस्तात घेतली. अट एकच, वापर सार्वजनिक हितासाठी व्हावा.

त्या सार्वजनिक हिताचा अर्थ 1957 मध्ये कळला. डॉजर्सचे मालक वॉल्टर ओ’मॅली यांना ब्रुकलिनमध्ये हवी ती जागा मिळेना. लॉस एंजेलिसने त्यांना सुमारे 300 एकर देऊ केले, बदल्यात त्यांच्या मालकीचे एक लहान मैदान घेतले. स्टेडियमचा खर्च त्यांनी स्वतः केला, हेही नोंदवले पाहिजे. 3 जून 1958 च्या सार्वमतात करार जेमतेम 52 टक्क्यांनी मंजूर झाला.

तोवर मूठभर घरे उरली होती. त्यांपैकी मानुएल आणि अब्राना अरेचिगा यांचे घर 1923 पासूनचे. घराची किंमत म्हणून ठरलेले सुमारे 10 हजार डॉलर त्यांनी घेतले नव्हते. 8 मे 1959 रोजी पोलीस आले. त्यांची मुलगी ऑरोरा वर्गास, महायुद्धात नवरा गमावलेली, जागची हलेना. तिला हातापायांना धरून पायऱ्यांवरून उचलून नेले. कॅमेरे चालूच होते. थोड्या वेळात बुलडोझरने घर पाडले. कुटुंबाने तिथेच तंबू ठोकला आणि दिवसचे दिवस मुक्काम केला.

मग वर्तमानपत्रांनी बातमी काढली की या कुटुंबाची शहरात इतरत्र आणखी घरे आहेत. एका रात्रीत सहानुभूती आटली. मला या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. प्रश्न होता एका घराच्या न्याय्य किमतीचा आणि सरकारने मोडलेल्या शब्दाचा. त्याचे रूपांतर झाले, हे खरेच गरीब आहेत का, या प्रश्नात. अन्याय झालेल्या माणसाने आधी पुरेसे दरिद्री असल्याचा दाखला द्यावा, ही अपेक्षा गोऱ्या जमीनमालकाकडून कुणी केली नसती. दहा घरे असलेल्याचे अकरावे घर बेकायदा पाडले तरी ते बेकायदाच. आरक्षणावरच्या वादात ‘त्याच्याकडे तर गाडी आहे’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ही युक्ती ओळखू येईल.

10 एप्रिल 1962 रोजी स्टेडियम उघडले. पालो वेर्देची शाळा पाडण्याऐवजी मातीने भरून गाडली, असे तिथले जुने रहिवासी सांगत आले आहेत.

आत गेल्यावर मध्य मैदानामागच्या चौकात जॅकी रॉबिन्सन यांचा पुतळा पाहा. 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर त्यांनी मेजर लीगची वर्णभेदाची भिंत फोडली. त्यांचा 42 हा क्रमांक आता कोणताही संघ नव्या खेळाडूला देत नाही. (हिंदू संघाला जिंकून देणारे पण जातीमुळे कर्णधारपद नाकारले गेलेले पळवणकर बाळू आपल्याला इथे आठवणारच.) पण रॉबिन्सन डॉजर्ससाठी या मैदानावर एकही सामना खेळले नाहीत, 1956 च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. वर्णभेदाविरुद्धच्या विजयाचे स्मारक वर्णभेदाने वसवलेल्या आणि मग उठवलेल्या वस्तीच्या जमिनीवर उभे आहे. रॉबिन्सन यांचे मोठेपण त्याने कमी होत नाही. पण संघाला कोणती आठवण परवडते आणि कोणती परवडत नाही, ते कळते.

अनेक मेक्सिकन कुटुंबांनी वर्षानुवर्षे या मैदानात पाऊल ठेवले नाही. 1981 मध्ये सोनोराच्या एका खेड्यातला फर्नांडो व्हॅलेन्झुएला आला, पहिल्याच पूर्ण हंगामात सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम गोलंदाज, दोन्ही किताब घेऊन गेला, आणि स्टँड स्पॅनिश बोलू लागले. काहींच्या मते इथे जखम भरली. मला तसे वाटत नाही. लोकांनी आपल्या माणसावर प्रेम केले, त्यातून जमिनीचा हिशेब फिटत नाही. आजही गर्दीत निम्म्या घोषणा स्पॅनिशमध्ये ऐकू येतील आणि त्याच गर्दीत त्या तीन वस्त्यांची नातवंडेही असतील.

2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने विस्थापितांच्या वंशजांना भरपाई आणि स्मारक मिळावे यासाठी विधेयक मंजूर केले. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर सही केली नाही. हे काम स्थानिक पातळीवर व्हावे, असे सांगून ते परत पाठवले. स्थानिक पातळी म्हणजे तीच महापालिका, जिने 1950 साली पत्रे पाठवली होती.