पगचं नाक कुठं गेलं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बसमध्ये, लंच ब्रेकमध्ये, कुठंही वाचा.

झालं असं, की माझ्या रूममेटला पगचं पिल्लू घ्यायचंय. इन्स्टावर एक जण सापडला. फोटो भारी, रेट कमी, वर ‘ॲडव्हान्स टाका, हायवेवर आणून देतो’. मी सहज म्हटलं, "पिल्लाची आई कुठं आहे विचार की." समोरून मेसेज आला, "आईचं काय काम? पिल्लू घ्यायचंय ना?"

तो ‘काय काम’ डोक्यात राहिला. म्हणून आजचा विषय.

पग मूळचा चीनचा. तिथल्या राजदरबारात लाडात वाढलेला, मग डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून युरोपात गेलेला. विल्यम हॉगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकाराने 1745 साली स्वतःचं चित्र काढलं, शेजारी त्याचा पग. त्याचं नाव ट्रम्प (हसू नका, खरंच होतं). आता थांबा आणि ते चित्र गूगल करा. दिसलं? त्या पगला चक्क नाक आहे! पायही आजच्यापेक्षा लांब.

मग हे नाक गेलं कुठं?

1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. कुत्र्यांची प्रदर्शनं वाढली, प्रत्येक जातीचं ‘आदर्श रूप’ कागदावर आलं. बक्षीस दिसण्याला. सपाट तोंड, मोठे डोळे, गोल डोकं, म्हणजे थोडक्यात माणसाच्या बाळासारखा चेहरा लोकांना आवडायचा. मग ज्याचं तोंड चपटं, त्याचीच पिल्लं पुढे. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. तोंडाचं हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मानानं कमी झालं नाही. टाळूचा मऊ भाग घशात अडथळा बनून बसतो. पग घोरतो तेव्हा आपण ‘सो क्यूट’ म्हणून रील टाकतो, पण बऱ्याचदा त्याला तेव्हा श्वास पुरत नसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. ज्याला नीट धापाच टाकता येत नाहीत त्याचं मे महिन्यातल्या नागपुरात काय होत असेल, विचार करा. 2022 मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी तर म्हटलं, की तब्येतीच्या दृष्टीने पगला आता सर्वसाधारण कुत्रा मानता येत नाही.

आपल्याकडे पग घरोघरी पोचला तो 2003 नंतर. हचची जाहिरात आठवते? छोटा मुलगा जाईल तिथे मागे मागे पग. आपण तेव्हा शाळेत होतो. जाहिरात गोडच होती, मलाही आवडायची. पण पुढचं गणित बघा. मादीला दिवस जातात ते साधारण 63 दिवस, एका वेतात मोजकी पिल्लं. नीट काळजी घेणारा ब्रीडर एका रात्रीत दहापट पिल्लं काढूच शकत नाही. मागणी मात्र एका रात्रीत वाढते. मधली जागा भरून काढतात ते पिंजरेवाले.

पिंजऱ्यात काय होतं, हे जगाला नीट कळलं ल्युसीमुळे. ल्युसी म्हणजे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, हीसुद्धा छोटी, गोड जात. 2013 साली वेल्समधल्या एका ‘पपी फार्म’मधून तिची सुटका झाली. वर्षानुवर्षं अरुंद जागेत कोंडून तिच्याकडून वेतामागून वेत घेतलेलं. पाठीचा कणा वाकलेला, कंबरेचे सांधे आखडलेले, अंगावरचे केस गेलेले. तिची पिल्लं विकत घेणाऱ्यांना ती कधी दिसलीच नसणार. त्यांना दिसलं असेल ते दुकानातलं धुऊन-पुसून ठेवलेलं पिल्लू.

ल्युसी 2016 मध्ये गेली. तिच्या नावानं मोहीम उभी राहिली आणि 6 एप्रिल 2020 पासून इंग्लंडमध्ये ‘ल्युसीज लॉ’ लागू झाला. सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकायचं नाही. घ्यायचं तर थेट ब्रीडरकडून, नाहीतर निवारा केंद्रातून दत्तक. आणि ब्रीडरने पिल्लू जन्मलं त्याच जागी, आईसोबत दाखवायचं. म्हणजे माझ्या रूममेटला जो प्रश्न आगाऊपणाचा वाटला, तो तिथे कायद्यात आहे!

नियम आपल्याकडेही आहेत बरं का, 2017 चे. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, मादीकडून वर्षात एकापेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. कागदावर छान आहे. पण हायवेवर गाडीच्या डिकीतून पिल्लू हातात देणाऱ्याला नोंदणी कोण विचारणार? आपणच.

केसीआयचे पेपर्स आहेत म्हणून भुलू नका, त्या कागदावर वंशावळ असते, श्वास नसतो. पगच्या आईला जरा चालवून बघा. केंब्रिजच्या मंडळींनी केनेल क्लबसोबत 2019 मध्ये चाचणीच तशी आणली: कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं, आधी आणि नंतर डॉक्टरांनी श्वास ऐकायचा. आपल्याला स्टेथोस्कोप जमणार नाही, पण घरघर ऐकू येते. आणि ब्रीडरने उलट तुम्हालाच प्रश्न विचारले, फ्लॅट कितव्या मजल्यावर, दिवसभर घरी कोण असतं, तर चिडू नका. माझ्या मते ती चांगली खूण आहे. फक्त ‘जीपे करा’ म्हणणाऱ्याला तुमच्या घराशी काही घेणंदेणं नसतं.

रूममेटने काल रात्री त्या विक्रेत्याला परत मेसेज केला, "आईसोबतचा एक व्हिडिओ पाठवा ना." दोन निळ्या टिक आल्या. थोड्या वेळाने डीपीच गायब.

आता रविवारी आम्ही दुसरीकडे चाललोय, एका बाईंच्या घरी. फोनवर त्यांनी आधी अर्धा तास आमचीच चौकशी केली. रूममेट वैतागलाय. मी खूश आहे.