पहिला मेढेकोट

अलिबाग ते मुरुड हे अंतर पन्नासेक किलोमीटरचे. घाईचा माणूस ते दोन तासांत कापतो. मी या वाटेला लागलो की सबंध दिवस मोडतो. उजव्या हाताला समुद्र असतो, आणि जेवायला कोणते गाव गाठावे हा विचार निघाल्यापासूनच मनात घोळत असतो. या किनाऱ्याच्या इतिहासात राजे, सिद्दी आणि फिरंगी ठायी ठायी भेटतात. वाटेवर भेटतो तो कोळी. इतिहासात त्याला फार तर ओळभर जागा!

कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर ओहोटी साधावी लागते. कोळी ती तिथीवरून सांगतो. उधाण केव्हा, भांग केव्हा, हे त्याला घड्याळावाचून ठाऊक. १६८० साली शिवाजीमहाराजांनी या किल्ल्याचे काम सुरू करविले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी येथून दर्यावर हुकमत चालविली. पण त्या गलबतांवर राबले ते हात कोळी-भंडाऱ्यांसारख्या दर्यावर्द्यांचे.

पुढे चौल-रेवदंडा लागते. पंधराव्या शतकात रशियाचा निकितीन विकण्यासाठी घोडा घेऊन चौलास उतरला होता. नंतर येथे पोर्तुगीज आले, आणि १७४० साली मराठ्यांपुढे त्यांना हा मुलूख सोडावा लागला. कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईस यावे, तर किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची बोली आजही कानी पडते. सत्ता गेली, तटांवर झाडे उगवली. आयांनी मुलांच्या तोंडी घातलेली बोली तेवढी राहिली.

वाटेतल्या कोळीवाड्यांत वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. मुरुडला पोहोचेतो भूक चांगलीच लागते. तांदळाची भाकरी, तळलेली सुरमई, वर वाटीभर सोलकढी! पोट असे निवाले म्हणजे राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याच्या होडीत बसावे.

जंजिरा अजिंक्य राहिला, हे आपण सारे जाणतो. शिवाजीमहाराजांनी त्याच्यासमोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. लाय पाटील नावाच्या कोळ्याने रातोरात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्याचे सांगतात. मदतीची कुमक वेळेवर पोहोचली नाही आणि तो डाव फसला. पण त्याहून जुनी गोष्ट अशी, की सिद्द्यांच्या दगडी तटाआधी या बेटावर लाकडी मेढेकोट होता. चाच्यांपासून रक्षण व्हावे म्हणून तो कोळ्यांनी बांधला होता, आणि त्यांचा प्रमुख होता राम पाटील. निजामशाहीच्या सरदाराने तो कपटाने घेतला, आणि मग त्या जागी दगड चढला. आज तेथील कलालबांगडी तोफेचे नाव पोराटोरांना ठाऊक आहे. मेढेकोटाची एक मेढही शिल्लक नाही.

या दिवाळीत तुमच्या अंगणात मुले मातीचा किल्ला करतील. त्यावर महाराज बसतील, बुरुजांवर मावळे उभे राहतील. किल्ल्याला पाणी असेल, तर काठाशी एक होडी ठेवायला सांगा, आणि होडीत एक कोळी.