४२.३४ मीटरवरचा गुप्त आवाज

ऑगस्ट १९४२. महायुद्ध पेटलेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आणि ऑल इंडिया रेडिओ सरकारच्या ताब्यात. अशा वेळी चिमूर-आष्टीतील अत्याचारांची हकीकत घराघरांत पोहोचणार कशी?

ती पोहोचवली मुंबईतील भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ने. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर २२ वर्षांच्या उषा मेहता यांचा आवाज उमटला. आरंभी ‘हिंदोस्ताँ हमारा’, मग बातम्या व भाषणे, अखेरीस ‘वंदे मातरम्’, असा कार्यक्रमाचा क्रम असे. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून प्रक्षेपणाची जागा वारंवार बदलली जाई.

१२ नोव्हेंबरला प्रक्षेपण सुरू असतानाच छापा पडला. उषा मेहतांना ४ वर्षांची शिक्षा झाली. केंद्र जेमतेम अडीच महिने चालले. पण तेवढ्या काळात सरकारने दडपलेल्या बातम्या श्रोत्यांनी ऐकल्या होत्या.