बराकाची वीज आणि अणुकचऱ्याचा प्रश्न

मंडळी, आपल्या घरचा एसी आता थोडाफार अणुविजेवरही चालतो! अबुधाबीतील बराका प्रकल्पाची चौथी अणुभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. चारही मिळून सुमारे ५६०० मेगावॅट, म्हणजे देशाच्या गरजेच्या पाव हिस्सा वीज देतात. मग वापरलेल्या इंधनाचे काय?

ते आधी काही वर्षे पाण्याच्या हौदात थंड होते. पण त्याचा किरणोत्सार हजारो वर्षे टिकतो. म्हणून कायमचा उपाय शोधला जातो तो खोल खडकात. फिनलंडमधील ओन्कालो येथे सुमारे ४३० मीटर खोलीवर तशी जागा तयार केली आहे. तांब्याचा डबा, भोवती बेंटोनाइट माती आणि बाहेर कठीण खडक. भूजल इंधनापर्यंत पोहोचू नये म्हणून हे तीन अडथळे.

तारापूरचे नाव ऐकत वाढलेल्या आम्हाला दुसरी पद्धत ठाऊक आहे. भारत इंधनावर पुनर्प्रक्रिया करतो आणि उरलेला तीव्र कचरा काचेत बंदिस्त करतो. तरी ती काचही शेवटी खोल पुरावीच लागणार. त्यासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खडक तापवून प्रयोगही झाले.

अमिरातीने मात्र २००८ च्या धोरणात देशांतर्गत पुनर्प्रक्रिया नाकारली. आम्ही व्हिसा संपल्यावर परत जाऊ. या इंधनाची सोय मात्र पुढच्या अनेक पिढ्यांसाठी लावावी लागेल.