लोणारचें तळें आणि रुंद नजरेचें भिंग

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या विवराच्या कांठावर जो कोणी कॅमेरा घेऊन प्रथम उभा राहतो, त्याची बहुधा फसगत होते. विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर, तळ्याचा सुमारें १.२, आणि खोली १३७ मीटरांच्या आसपास. मनुष्य मान फिरवून हें सारें एकत्र जोडतो. भिंगाला मान नाहीं. ३५ मिलिमीटर फिल्मवरील नेहमींचें ५० मिलिमीटरांचें भिंग आडव्या दिशेनें जेमतेम चाळीस अंश पाहतें. तळें तुकड्यातुकड्यांनीं हातीं येतें.

ही अडचण जुनी आहे. लोणारपासून फारसें दूर नसलेल्या अजिंठ्यास मेजर रॉबर्ट गिल वर्षानुवर्षें राहिला. त्याचीं जोडचित्रें १८६४ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालीं. दोन डोळ्यांनीं पाहतां त्यांत खोली दिसे, रुंदी मात्र दिसत नसे. रुंदीचा ध्यास घेतला तो टॉमस सटन या इंग्रज गृहस्थानें. १८५९ सालीं त्यानें काचेच्या पोकळ गोलांत पाणी भरून सुमारें १२० अंशांचें भिंग घडविलें. त्यासाठीं छायाचित्राची कांचही वक्र करावी लागे! पुढें १९०० सालीं जर्मनींत गोएर्ट्स कंपनीचें हायपरगॉन आलें. त्याची नजर सुमारें १३५ अंशांची. पण रुंद भिंगांत मध्यभागीं प्रकाश भरपूर आणि कडेला दारिद्र्य. अक्षापासून ६० अंशांवर तो एक-षोडशांश उरतो. म्हणून भिंगापुढें तारकाकृति चक्र बसवून तें रबरी फुग्याच्या हवेनें फिरवीत, व मधला प्रकाश अडवीत. फोटोग्राफी ती, कीं भात्याची कामगिरी, असा प्रश्न पडावा. १९५४ सालीं लुडविग बेर्टेलेनें रचलेलें २१ मिलिमीटरांचें बायोगॉन निघालें, आणि रुंद नजर खांद्यावरच्या लहान कॅमेऱ्यांत शिरली.

आज १८ मिलिमीटरांचें भिंग अशा फिल्मवर आडव्या दिशेनें बरोबर नव्वद अंश पाहतें. अर्धवर्तुळांतील कोन काटकोन असतो, हें शाळेंतलें प्रमेय येथें उपयोगीं पडतें: कांठावर उभें राहून भिंग मध्यावर रोखलें, कीं समोरचा अर्धा कांठ आणि बहुधा सगळें तळें चौकटींत बसतें.

आणि तेथेंच खरी निराशा सुरू होते. समोरची १३७ मीटर उंचीची भिंत २४ मिलिमीटर उंचीच्या चौकटींत दीड मिलिमीटरही भरत नाहीं. शिकाऊ मनुष्याला मिळतें तें पुष्कळ आकाश आणि बारीकशी रेघ. रुंद भिंग दूरच्यास लहान व जवळच्यास अवाढव्य करतें. सगळें कांहीं मावावें म्हणून तें वापरणें ही त्याची निम्मी ओळख. जाणता छायाचित्रकार तळ्याकांठच्या कमळजादेवीच्या देवळापर्यंत खालीं उतरतो. उन्हाळ्यांत पाणी हटलें, कीं कांठावर क्षाराचा पांढरा थर दिसतो; कॅमेरा त्याच्या हातभर वर आणला, कीं त्यावरील भेगा अंगावर येतात, आणि मागचा कडा, लहान असला तरी, विवराचें वर्तुळ सांगू लागतो. गांवांतील दैत्यसूदनाच्या मंदिरांत दुसरी परीक्षा: कॅमेरा किंचित् वर उचलला, कीं खांब एकमेकांकडे कलंडतात. तो समपातळींत धरून पाय मागेंपुढें करावे लागतात. आणि पाऊलभर सरकल्यानें येथें सारें चित्र बदलतें.