अज्ञानाच्या हातांतील बाटली

श्रोतेहो, वयांत न आलेल्या मुलाला आपल्याकडील कायद्याच्या भाषेंत 'अज्ञान' म्हणतात आणि वयांत आलेल्याला 'सज्ञान' म्हणतात. आज आपणांपुढें जो इतिहास मांडावयाचा आहे, तो ह्या दोन शब्दांच्या सीमेवरचा आहे. रस्त्यावर पोलिसांनीं मोटार थांबविली, झडतींत दारूची बाटली सांपडली, आणि ती बाळगणारा अज्ञान निघाला, तर कायदा काय करतो? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर गेल्या सुमारें दीडशें वर्षांत अनेक वेळां बदललें आहे.

ह्या चर्चेसाठीं मी नसरापूर हें स्थळ निवडतों. पुण्याच्या दक्षिणेस सुमारें ३५ किलोमीटरवर, भोर तालुक्यांत हें गांव आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळांतील बनेश्वराचें देऊळ पाहावयास गेलेल्या मंडळींना तें परिचित असेल. बंगळूरकडे जाणारा हमरस्ता चेलाडीच्या फाट्याजवळ सोडला, कीं नसरापुरावरून वेल्ह्याकडे, म्हणजे राजगड आणि तोरणा ह्या किल्ल्यांकडे, वाट जाते. शनिवार-रविवारीं शहरांतील तरुण मंडळी ह्याच वाटेनें बाहेर पडतात. गोव्याहून कोल्हापूर, सातारा ह्या मार्गें येणारी वाहनेंहि ह्याच हमरस्त्यानें पुण्यास येतात. तेव्हां आपला प्रश्न जेथें खरोखर उपस्थित होऊं शकतो, असें हें ठिकाण आहे.

८ मार्च १९४८ पर्यंत नसरापूर भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानांत होतें. शेजारच्या पुणें जिल्ह्यांत १८७८ चा मुंबई अबकारी कायदा चालत असे. संस्थानच्या हद्दींत तो आपोआप लागू होत नसे. म्हणजे हद्द ओलांडली कीं बाटली तीच, माणूस तोच, पण कायदा निराळा. अबकारी कायद्याची मुख्य दृष्टि महसुलाची होती. मोहाचीं फुलें, भट्टी, ताडाचें झाड, गुत्ता ह्या सर्वांवर सरकारची नजर असे ती कर चुकूं नये म्हणून. बाटली सांपडली तर पहिला प्रश्न 'ही कोणाच्या हातीं आहे' असा नसून 'हिच्यावरील कर भरला आहे काय' असा असे. ह्या दृष्टीला विरोध झाला नाहीं असें नव्हे. १८८० सालीं महात्मा फुले यांनीं पुणें म्युनिसिपालिटीला पत्र लिहून शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविषयीं तक्रार केली. १९०८ सालीं पुण्यांत गुत्त्यांसमोर उभें राहून लोकांना परतविण्याची चळवळ झाली व तिला लोकमान्य टिळकांनीं पाठिंबा दिला. सरकारच्या तिजोरींत पडणारा रुपया कोणाच्या घरांतून येतो, हा ह्या मंडळींचा सवाल होता.

१९३७ सालीं बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें आणि डॉ. गिल्डर यांच्या पुढाकारानें १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. महायुद्धामुळें मंत्रिमंडळानें राजीनामा दिला व हा प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यांत पूर्ण दारूबंदी आली. नसरापूर त्यापूर्वींच मुंबई राज्यांत सामील झालें असल्यामुळें जुन्या हद्दीचा प्रश्न उरला नाहीं. ह्या कायद्यानें प्रश्नाचें रूपच पालटलें. दारू बनविणें व विकणें ह्यांच्या बरोबरीनें ती परवान्यावांचून नुसती जवळ बाळगणें हाहि गुन्हा ठरला. ज्या वाहनांतून ती नेली जाईल, तें वाहनहि जप्तीस पात्र ठरलें.

हा कायदा पुढें पुष्कळ सैल झाला. १९६० नंतर महाराष्ट्रांत परवाने देण्याचें धोरण वाढत गेलें. परंतु तो रद्द मात्र झाला नाहीं. 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' ह्या नांवानें तो अद्याप चालूं आहे, आणि त्याचा सांगाडा तोच आहे: बंदी हा नियम, परवाना हा अपवाद. एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजीवन असे परवाने त्यांतूनच निघाले. आपल्या शहरांतील सुशिक्षित घरांतहि ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. गोव्यांत रीतसर पैसे देऊन घेतलेली बाटलीसुद्धां परवान्यावांचून महाराष्ट्रांत आणतां येत नाहीं. दुकानाची पावती म्हणजे परवाना नव्हे.

वयाचा प्रश्न येथेंच उद्भवतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणें सौम्य बिअर आणि वाइन यांसाठीं २१ वर्षें व इतर मद्यांसाठीं २५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. मत देण्यास आणि मोटार हांकण्यास मात्र १८ वर्षें पुरेशीं आहेत. त्यामुळें २२ वर्षांचा तरुण आमदार निवडूं शकतो, लग्न करूं शकतो, पण व्हिस्कीची बाटली जवळ बाळगूं शकत नाहीं. कारण त्याला तिचा परवानाच मिळत नाहीं. 'वय कमी असणें' हा निराळा गुन्हा नसून, वय कमी म्हणून परवाना नाहीं आणि परवाना नाहीं म्हणून ताबा बेकायदा, अशी ही सांखळी आहे. हा २२ वर्षांचा तरुण कायद्याच्या दृष्टीनें सज्ञान असल्यामुळें त्याचा खटला साध्या फौजदारी न्यायालयांत चालतो. १८ वर्षांखालील मुलाची वाट मात्र अगदीं निराळी आहे.

त्या वाटेकडे वळण्यापूर्वीं रस्ता व दारू ह्यांची गांठ न्यायालयांत कशी पडली, तें पाहिलें पाहिजे. २५ मे १९५१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बलसारा खटल्याचा निकाल दिला. दारूबंदीचा बराचसा कायदा टिकला. पण मद्यार्क असलेलीं औषधें व प्रसाधनें बाळगण्या-वापरण्यावरील बंदी घटनाबाह्य ठरली. त्यानंतर चौथ्याच दिवशीं, २९ मे रोजीं रात्रीं, मुंबईंत कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपखालीं तीन माणसें सांपडलीं. जीप हांकणारे बेहराम पेसिकाका हे मोटार-वाहतूक खात्याचेच प्रादेशिक अधिकारी म्हणून काम पाहत होते. त्यांच्या तोंडास मद्याचा वास येत होता. आपण मद्यार्क असलेलें एक शक्तिवर्धक औषध घेतलें होतें, असें त्यांनीं सांगितलें. खालच्या न्यायालयानें त्यांना सोडलें. उच्च न्यायालयानें दारूबंदीच्या कलमाखालीं एक महिन्याची कैद व ५०० रुपये दंड सांगितला. आणि १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. पोटांत गेलेलें मद्य औषधाचें नव्हतें हें शाबीत करण्याचा भार सरकारवर आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

पुढें कायद्यांत दुरुस्ती होऊन रक्ताच्या तपासणीला स्थान मिळालें. रक्तांत ०.०५ टक्के किंवा अधिक मद्यार्क आढळल्यास खुलासा करण्याचा भार आरोपीवर येऊं लागला. मोटार-वाहन कायद्याची मर्यादा आज याहून कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां वाहन चालविणें हा गुन्हा आहे, आणि पहिल्या खेपेस त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

आतां मुलांचा कायदा. १८६० च्या दंडसंहितेनें सात वर्षांखालील मुलाचें कृत्य गुन्हा मानलें नाहीं, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतींत त्याची समज पाहावी असें सांगितलें. त्यापुढील मुलगा प्रौढांच्याच न्यायालयांत उभा राहत असे. १९२४ च्या मुंबई बालक कायद्यानें सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं निराळी व्यवस्था आणली. १९८६ सालीं सबंध देशासाठीं बालन्यायाचा कायदा झाला. त्यांत मुलांना १६ व मुलींना १८ ही मर्यादा होती. २००० सालीं ती दोघांनाहि १८ झाली. दिल्लींतील २०१२ च्या भीषण प्रकरणानंतर २०१५ चा कायदा आला आणि घोर गुन्ह्यांपुरता १६ ते १८ वयाच्या मुलांचा खटला प्रौढांप्रमाणें चालविण्याची वाट उघडली. बाटली बाळगण्याचा प्रकार अर्थात् त्या वर्गांत येत नाहीं.

तेव्हां चेलाडीच्या फाट्यावर सतरा वर्षांच्या मुलापाशीं बाटली सांपडली, तर आज काय व्हावें? त्याला कोठडींत टाकतां येत नाहीं. बालकांसाठीं नेमलेल्या पोलिस अधिकाऱ्याच्या स्वाधीन करून चोवीस तासांच्या आंत त्याला बाल न्याय मंडळापुढें न्यावें लागतें. २०१५ च्या कायद्याखालील केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणें, घोर गुन्हा नसेल आणि प्रौढ साथीदार नसेल, तर प्राथमिक फिर्यादहि नोंदवावयाची नसते. दैनंदिनींत नोंद पुरते. मंडळ समज देऊं शकतें, समुपदेशनास पाठवूं शकतें, समाजसेवेचें काम सांगूं शकतें, आईबापांना दंड भरावयास लावूं शकतें. ह्या ठपक्यामुळें मुलगा पुढें नोकरीस किंवा शिक्षणास अपात्र ठरत नाहीं. बाटली मागच्या आसनाखालीं होती व त्याला तिची वार्ताहि नव्हती, असें निघाल्यास तर प्रश्नच मिटतो. कारण जाणीव नसेल तेथें ताबा नाहीं.

मुलाला हा कायदा इतका सौम्य वागवितो. त्याच्या भोंवतालच्या सज्ञान माणसांना मात्र नाहीं. वैद्याच्या सांगण्यावांचून मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मुलाकरवीं दारू वाहून नेणाऱ्यालाहि तितकीच शिक्षा आहे. तोच मुलगा गाडी हांकीत असेल, तर मोटार-वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेलें कलम लागू होतें: पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. आपल्याला माहीत नव्हतें किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हें त्यानेंच शाबीत करावयाचें. न केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाहीं.

हें सारें केवळ कागदावर राहिलें नाहीं. १९ मे २०२४ रोजीं पहांटे पुण्याच्या कल्याणीनगरांत सतरा वर्षांच्या मुलानें हांकलेल्या भरधाव मोटारीनें दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. तत्पूर्वीं तो मद्यालयांत होता असें पोलिसांचें म्हणणें होतें. त्याच दिवशीं मंडळानें जामीन देतांना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि सबंध देशांत संताप उसळला. मग मुलाला निरीक्षणगृहांत पाठविण्यांत आलें. २५ जूनला उच्च न्यायालयानें त्याला तेथून सोडण्याचा आदेश दिला. आणि जुलै २०२५ मध्यें, त्याला प्रौढ समजून खटला चालवावा ही मागणी मंडळानें फेटाळली. लोकांचें लक्ष त्या निबंधावर खिळून राहिलें. माझ्या मतें अधिक गंभीर गोष्ट निराळी होती. मुलाच्या रक्ताचा नमुना रुग्णालयांत बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, आणि वडील, मद्यालयाचे चालक अशीं सज्ञान माणसें एकामागून एक आरोपी म्हणून पुढें आलीं.

ह्या इतिहासाची दिशा आतां स्पष्ट होते. अबकारी कायद्यानें विचारलें, कर भरला आहे काय? दारूबंदीनें विचारलें, परवाना आहे काय? आजचा कायदा मुलाच्या हातांत बाटली पाहून विचारतो, ही दिली कोणीं, आणि गाडीची किल्ली दिली कोणीं? मुलाला सौम्यपणें वागविणें हा कायद्याचा दुबळेपणा आहे, असें पुष्कळांना वाटतें. मला तसें वाटत नाहीं. मुलाच्या माथ्यावरचा भार कायद्यानें फेंकून दिलेला नाहीं. तो उचलून सज्ञानांच्या खांद्यावर ठेवला आहे. सज्ञानांनीं तो झटकून टाकला, नमुने बदलले, ओळखी वापरल्या, तरच ती सौम्यता अन्यायाचें रूप घेते.

नसरापुरावरून राजगडाकडे जाणारी वाट आपल्या मुलांनीं अवश्य चालावी. घरांतून निघतांना त्यांच्या हातीं आपण काय देतों, एवढेंच कायदा आपणांस विचारणार आहे; आणि 'मला ठाऊक नव्हतें' हें उत्तर आतां सज्ञानाला सहजासहजीं देतां येणार नाहीं.